नऊ पिवळ्या चिठ्ठ्या

६ जानेवारी २००८, रविवार

आज पुन्हा डेस्कटॉप बदलला. दिवाळीपासून हा पाचवा. केडीई झालं, ग्नोम झालं, एक्सएफसीई झालं, आठ दिवस फ्लक्सबॉक्सशी संसार केला आणि आता परत केडीईच्या दारात. लिनक्समध्ये आतलं यंत्र तेच ठेवून वरचं सगळं, म्हणजे मेनू, खिडक्या, खालची पट्टी, घड्याळ, हवं तेव्हा बदलता येतं. ही खरं तर सोय आहे. माझ्यासारख्यांनी तिचं व्यसन करून ठेवलंय.

रविकांतला मेलवर कळवलं. त्याचं उत्तर आलं, "पुष्कर, त्या मशीनवर तू कधी काम करतोस, की नुसतं तिचं न्हाणंधुणंच चालू असतं?" बरोबर बोलला. पण मी काय शोधतोय ते त्याला तरी कळायला हवं. सांगलीला होस्टेलवर आम्ही दोघांनी मिळून एक जुनं मशीन जोडलं होतं आणि मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स चढवलं होतं. तीन दिवस नुसता काळा पडदा. चौथ्या दिवशी दुपारी निळा डेस्कटॉप उगवला आणि आम्ही एवढे ओरडलो, की काही भांडण झालं असं समजून रेक्टर धावत आले. तो निळा मला हवाय. त्या रंगाचा आकडा मला पाठ आहे. तोच आकडा घालतो, तरी तो निळा येत नाही. मॉनिटर बदलला म्हणून असेल.

१३ जानेवारी, रविवार

सकाळी खालून मामींची हाक आली. मामी म्हणजे रत्नप्रभाबाई, माझ्या घरमालकीण. तंजावरकडच्या मराठी. दोन वर्षांपूर्वी इकडे तमिळ मुलखात, वेलचेरीत खोली शोधत त्यांच्या दारात आलो तेव्हा मी मोडक्या इंग्रजीत बोलत होतो. नाव विचारलं, गाव विचारलं, आणि कराड ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मग मराठींत बोल की रे अप्पा! एवढा त्रास कां घेतोस?" त्यांची मराठी ऐकून मला हसू आलं होतं. तमिळ हेल आणि जुन्या दस्तऐवजातले शब्द. नंतर त्या हसण्याची लाजच वाटली, कारण या गावात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोणीच नाही. पहाटे इरुंगाट्टुकोट्टैला जाणारी कंपनीची बस, दिवसभर कारखान्यातले कॉम्प्युटर, संध्याकाळी परत बस. सगळं तमिळ, नाहीतर इंग्रजी.

तर मामींची भाची देविका, तिच्या लग्नाचे फोटो कोणीतरी पेनड्राइव्हवर दिलेत आणि मामींच्या कॉम्प्युटरला तो पेनड्राइव्ह ओळखता येत नाही. हा कॉम्प्युटर त्यांच्या यजमानांचा, रघुराम रावांचा. ते तार खात्यातून निवृत्त झाले आणि साठीनंतर लिनक्स शिकले. महिन्यातून एकदा लिनक्सवाल्यांच्या मेळाव्याला बसने जायचे. मी राहायला आल्यावर वर्षभरात ते गेले. तेव्हा आमची ओळख जिन्यातल्या नमस्कारापुरती होती, याची आता हळहळ वाटते. बोलायला किती काही निघालं असतं!

मशीन चालू केलं आणि मी बघतच राहिलो. मॅन्ड्रेक लिनक्स! २००३ सालचं! त्यावर जुनं केडीई, ते गुबगुबीत चिन्हांचं, होस्टेलच्या दिवसांतलं. सुरू व्हायला चार मिनिटं. आणि पडदाभर पिवळ्या चिठ्ठ्या. केडीईमध्ये एक छोटी सोय असते, पडद्यावर चिकटवल्यासारख्या चिठ्ठ्या लिहून ठेवायची. रावांनी त्यात मामींसाठी सूचना लिहून ठेवल्यात. रोमन लिपीत मराठी, सगळी मोठी अक्षरं, तुटक वाक्यं. तारेचा खर्च वाचवत असावेत तसं. 'सिलिंडर. फोन करण्याआधी नंबर हातात घे.' 'मोटर सहा ते सव्वासहा. विसरशील.' असलं काहीबाही. मोजल्या, नऊ निघाल्या. त्यातली उजव्या कोपऱ्यातली तर कोरीच होती. ती मी सवयीने बंद करायला गेलो तर मामी मागून म्हणाल्या, "राहूं दे, राहूं दे. तिला हात लावूं नको."

मी म्हटलं, बरं. म्हाताऱ्या माणसांना पडद्यावरचं काही हललं की भीती वाटते.

१५ जानेवारी

पोंगल, इकडची संक्रांत. मामींनी गोड पोंगल पाठवलं, म्हणजे गुळाचा भात, वर तूप तरंगत होतं. आई फोनवर म्हणाली, "तिळगूळ कुठला मिळणार तुला तिकडे." मग सांगितलं, की माझी खोली रंगवायला काढलीय, पिस्ता रंग देणार आहेत. मी म्हटलं, मला विचारायचं तरी! ती म्हणाली, "तू असतोस का इथे?"

२० जानेवारी, रविवार

मामींच्या कॉम्प्युटरबद्दल ठरवून टाकलं. पेनड्राइव्हसाठी ठिगळं लावण्यापेक्षा अख्खं नवं लिनक्स घालायचं. माझ्याकडे पोस्टाने फुकट आलेल्या उबुंटूच्या सीड्या आहेत. जुन्या मशीनला झेपेल असं हलकं एक्सएफसीई घालू. नव्या मशीनवर कोणीही चालवेल, पाच वर्षं जुन्या मशीनला पळवण्यात खरी मजा.

मामींना सांगितलं. त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अत्ता जसं आहे तसं राहील की?"

"हो मामी, सगळं तसंच. फोटो, पत्रं, स्तोत्रं, काही जाणार नाही. उलट पळेल."

"चिठ्ठ्या?"

"चिठ्ठ्या पण."

"मग सरि," म्हणाल्या, म्हणजे बरं, आणि रव्याचा लाडू दिला.

निघताना मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढला आणि रविकांतला पाठवला. खाली लिहिलं, "हे बघ, वस्तुसंग्रहालय. चिठ्ठ्या मोज." मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून फोटो लगेच पुसला. मामी रोज सकाळी हे मशीन चार मिनिटं वाट बघून चालू करतात, समोर कॉफी घेऊन बसतात आणि कॉफी संपली की बंद करतात. काम काही करत नाहीत. मी जिन्यातून येता-जाता बघितलंय. एवढ्या हौसेने बसतात, तर मशीन निदान झटपट चालू तरी व्हावं.

२६ जानेवारी, शनिवार

सुट्टी. झालं काम! आधी केबल लावून त्यांच्या सगळ्या फायली माझ्या लॅपटॉपवर घेतल्या. मग डिस्क स्वच्छ पुसली, नवं लिनक्स चढवलं, फायली परत नेऊन ठेवल्या. मशीन आता पाऊण मिनिटात चालू होतं. देविकाच्या लग्नाचे फोटो पेनड्राइव्ह लावल्याबरोबर पडद्यावर. मामी खूश. नवरदेवाचा फेटा बघून म्हणाल्या, "हा फेटा आमच्याकडला नाही, सिनेमांतला आहे."

मग पडदा मोकळा झाल्यावर विचारलं, "चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"आणायच्या राहिल्यात. उद्या लावतो."

आज स्वतःवर खूश आहे. रविकांतला तीन परिच्छेदांचा मेल लिहिला.

२७ जानेवारी, रविवार

लिहायला हात होत नाहीये.

लिनक्समध्ये ज्या फायलींचं नाव टिंबाने सुरू होतं त्या दिसत नाहीत. तुमची घडी, आवडीनिवडी, खिडक्यांच्या जागा असलं सगळं त्या टिंबवाल्या फोल्डरांत असतं. आणि 'सगळं घे' म्हणून तारांकनाने नक्कल करायला सांगितलं, की ते फक्त दिसतं तेवढंच घेतं. टिंबवालं मागे राहतं. हे मी काल केलं. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना मी स्वतः फळ्यावर टिंब काढून हे शिकवायचो! रावांच्या चिठ्ठ्या तशाच एका टिंबवाल्या फोल्डरात होत्या. डिस्क मी पुसली. माझ्याकडे स्तोत्रांच्या एकशेचाळीस फायली आहेत, विजेची बिलं आहेत, पत्रं आहेत. चिठ्ठ्या नाहीत.

मामींना सांगितलं, की मशीनमध्ये थोडं काम निघालंय, वर नेतो. त्यांनी दार धरलं. "पायऱ्या बघून," म्हणाल्या.

३० जानेवारी, बुधवार

आज मोटर लावायची राहिली. टाकी कोरडी, अंघोळ न करताच बस धरली. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी मामी ओशाळून म्हणाल्या, "विसरले बघ." वय होत चाललंय त्यांचं.

बसमध्ये मनातल्या मनात वाक्यं जुळवली. 'मामी, तांत्रिक अडचण आली.' 'मामी, जुन्या चिठ्ठ्या नव्या मशीनवर चालत नाहीत.' दुसरं तर धडधडीत खोटं. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मग नव्या लिहून दे की. सिलिंडर, मोटर, एवढंच ना?" मलाही तेच वाटत होतं. मग मी लिहायला का बसत नाहीये?

१ फेब्रुवारी, शुक्रवार

बससाठी खाली उतरलो तर दार उघडं होतं. मामी कॉफीचा डबरा, म्हणजे इकडचा वाटी-पेला, घेऊन टेबलासमोर बसल्या होत्या. टेबलावर काही नाही. मशीन माझ्या खोलीत आहे. रिकाम्या टेबलावर मॉनिटरच्या जागी धुळीत उमटलेला चौकोन तेवढा उरलाय, त्याच्याकडे तोंड करून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "सवय रे, सवय."

बस चुकली. शेअर ऑटो, मग दोन बस बदलून दहाला पोचलो. साहेब काही म्हणाले ते ऐकू आलं नाही.

३ फेब्रुवारी, रविवार

काल आणि आज मिळून डिस्क तिच्या पोटापासून चाळली. पुसलेल्या डिस्कवरही जुन्या अक्षरांचे तुकडे कुठे कुठे शिल्लक असतात. चिठ्ठ्यांतला आठवेल तो शब्द घालून शोधत होतो. सिलिंडर, मोटर, विसरशील. सोळा तासांत एक तुकडा सापडला. 'मांजराला दूध घा'. पुढे नव्या लिनक्सने आपली फाइल लिहून ठेवलीय. तो तुकडा बघितला आणि मला ती चिठ्ठी आठवली. 'मांजराला दूध घालू नकोस. घालतेस ते मला माहीत आहे.' पहिल्यांदा वाचताना हसलो होतो. आज हसू आलं नाही. माणूस गेला तरी बायकोला चिडवत बसला होता, रोज सकाळी, कॉफीच्या वेळेला. आणि मी त्याला सूचनाफलक समजत होतो. मी गाढव आहे.

चार वाजता खाली गेलो. मामी शेवग्याचा पाला निवडत होत्या. उभ्यानेच सांगितलं.

"मामी, चिठ्ठ्या गेल्या. माझ्या हातून पुसल्या. परत येणार नाहीत."

त्यांचे हात थांबले नाहीत. "सगळ्या?"

"सगळ्या."

"तू सांगितलास की, जसं आहे तसं राहील म्हणून."

"हो."

हातातला देठ बाजूला टाकून म्हणाल्या, "सरि. जा. वर जा तू." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पाला निवडून झाला होता, तरी त्या देठच वेचत बसल्या होत्या.

४ फेब्रुवारी

रविकांतला फोन केला. मेल नाही, फोन. सगळं सांगितलं. तो फोटो परत मागितला, तेव्हा लाज वाटली, कारण त्याखाली मी काय लिहिलं होतं ते दोघांनाही माहीत होतं. दहा मिनिटांत फोटो आला. मग पुन्हा फोन करून म्हणाला, "आपल्या होस्टेलच्या डेस्कटॉपचा एकही फोटो नाही रे आपल्याकडे. तेव्हा काढावासा वाटला नाही." तासभर बोललो. लिनक्सवर एक शब्द नाही. मेसच्या आमटीवर पाऊण तास.

फोटो अगदीच पुसट आहे. चिठ्ठ्यांच्या जागा कळतात, आकार कळतात. अक्षर एकही लागत नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर मामी जिन्यात दिसल्या, की मी बुटाची लेस बांधायचो. आज त्यांनीच अडवलं.

"मशीन खाली आण. टेबल कसं ओकंबोकं दिसतंय."

फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून मोबाइल जवळ धरला, लांब धरला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "सगळ्या आहेत की रे ह्यांत."

"अक्षरं वाचता येत नाहीत, मामी."

"तुला येत नाहींत." मोबाइल परत दिला. "जुनं ते घाल, तें चिठ्ठ्यांचं. उद्या सकाळी ये. मोटरच्या आधी."

संध्याकाळभर बसून एक्सएफसीई काढलं आणि केडीई घातलं. जुनं ते नाही मिळालं, त्याच्या पुढचं मिळालं, पण चिठ्ठ्यांची सोय तीच आहे. मशीन आता पाऊण मिनिटाऐवजी अडीच मिनिटं घेतंय. हळू केल्याबद्दल समाधान वाटायची ही पहिलीच वेळ.

१० फेब्रुवारी, रविवार

साडेपाचला खाली गेलो. मामींची अंघोळ झाली होती, कॉफी दोन डबऱ्यांत तयार होती. माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती.

"बस. लिही."

"देवनागरीत लिहू का, मामी? आता येतं मशीनला."

"नको. ह्यांनी लिहिलं तसं. सगळीं मोठीं अक्षरं."

फोटो बघून मी एकेक चिठ्ठी जागेवर ठेवत गेलो आणि त्या सांगत गेल्या. पडद्याकडे न बघता, कॉफी ओतत, वर-खाली करत.

"पहिली, डावीकडे वर. सिलिंडर. फोन करण्याआधी नंबर हातांत घे. तिच्याखालीं, पांढरी गोळी सकाळीं, अर्धी संध्याकाळीं. उलट करूं नकोस. मग मोटर. सहा ते सव्वासहा. विसरशील."

मी 'विसरू नकोस' टाइप केलं होतं. त्या खुर्चीतून वळल्या. "विसरूं नकोस असं नाही लिहिलं. विसरशील असं लिहिलं. त्यांना खात्री होती." आणि हसल्या. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

पाऊस आला तर कॉम्प्युटरची बॅटरी जमिनीवरून उचल, वेलचेरी आहे ही, पाणी शिरतं. गाणं बंद करताना खिडकीची फुली दाब, भिंतीवरचं बटण नव्हे. जनकोजीच्या पत्राला उत्तर राहिलं. लाज. "थोरले भाऊ त्यांचे, तंजावरचे," मामी म्हणाल्या, "मग मी लिहिलं उत्तर. चिठ्ठी काढली नाही, त्यांची होती म्हणून." सातवी मांजराची. ती सांगताना त्यांनी दाराकडे बघितलं, तिथे ते मांजर बसलंच होतं, बशी चाटून झालेली. आठवी होती, 'रत्ना, बंद करताना घाई नको. तो वेळ घेतो.'

एका शब्दासाठी त्या अडल्या नाहीत. चौदा महिने रोज सकाळी वाचलेलं. मी डिस्क सोळा तास चाळली, आणि सगळं इथे खाली बसलं होतं, हातभर अंतरावर.

नववीसाठी उजव्या कोपऱ्यात नवा पिवळा चौकोन उघडला. फोटोत तो रिकामा दिसत होता. बाकीच्यांची निदान पुसट ओळ तरी दिसते, हिची तीही नाही, फोटोतच गेली असेल असं वाटलं; जानेवारीत ती कोरीच बघितली होती हे तेव्हा आठवलं नाही. बोटं तयार ठेवून विचारलं, "ही काय होती, मामी?"

त्यांचं कॉफी ओतणं थांबलं. मला वाटलं ही मात्र विसरल्या. म्हटलं, "आठवेल तेव्हा सांगा. नंतर लिहू."

"तिच्यांत कांही नाही रे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीं सकाळीं उघडली त्यांनी. छातींत दुखत होतं तरी इथे येऊन बसले. काय लिहितां म्हणून मी विचारलं. तेवढ्यांत आटो आली दारांत, आस्पत्रीला न्यायला. आल्यावर लिहितो म्हणाले."

मी की-बोर्डवरून हात काढले. पहिल्याच दिवशी ही चिठ्ठी बंद करायला गेलेलं ते माझंच बोट.

मग पडद्याची ही मांडणी जपून ठेवली. टिंबवाल्या फोल्डरसकट दोन सीड्यांवर नक्कल घेतली, दोनदा तपासली. मशीन बंद करून परत चालू केलं. अडीच मिनिटं आम्ही दोघंही पडद्यासमोर बसलो होतो. एकेक चिठ्ठी आपापल्या जागी येत गेली आणि मामी बोटाने मोजत गेल्या. नववीपाशी बोट थांबलं, काचेवर तसंच राहिलं.

"आली," म्हणाल्या.

मग घड्याळ बघून "मोटर!" म्हणत लगबगीने उठल्या आणि अंगणात गेल्या. मी बसून राहिलो. कोपऱ्यातल्या कोऱ्या चिठ्ठीत लिहायची उभी रेघ लुकलुकत होती. मी कुठलंच बटण दाबलं नाही.